पाचशे मीटर आणि तीस मिलिग्रॅम

धुळे–सोलापूर रस्ता बीड जिल्ह्यातून उत्तर-दक्षिण जातो. गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा ही त्यावरची गावे. पूर्वी या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५२ आहे. दिवाळीच्या सुमारास या रस्त्याचे रूप पालटते. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या बायकापोरांसह, भांड्याकुंड्यांसह पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. जिल्ह्यातल्या कारखान्यांचीही धुराडी पेटतात, आणि मग रात्री-अपरात्री उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. पाठीमागे दिवा नसलेली गाडी अंधारात किती उशिरा दिसते, हे रात्रीच्या एस.टी.ने प्रवास केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

याच रस्त्यांच्या कडेला ढाबे असतात, आणि परमिट रूमही असतात. 'परमिट रूम' हे नाव इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून अस्तित्वात आहे. त्याप्रमाणे दारू पिण्यासाठी माणसाजवळ परवाना, म्हणजे परमिट, असावे लागते. असे परमिट असणाऱ्याने जिथे बसून प्यायची, ती खोली म्हणजे परमिट रूम! आत बसलेल्या किती जणांच्या खिशात खरोखरच परमिट असते, हा प्रश्न आपण इथे सोडून देऊ.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान असू नये, ते महामार्गावरून दिसू नये, त्याची जाहिरात करणारा फलकही रस्त्यावर नसावा, असा तो निकाल होता. चालू परवान्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंतची मुदत मिळाली. त्या दिवशी न्यायालयाने आणखी खुलासा केला, की हा नियम नुसत्या दुकानांना नव्हे तर जिथे बसून पितात त्या बारनाही लागू आहे. १ एप्रिलला देशभर हजारो दारे बंद झाली.

हा खटला लढवणाऱ्यांत चंदीगडचे हरमन सिद्धू हे गृहस्थ होते. १९९६ साली मोटार अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीवर आहेत. न्यायालयापुढे २०१५ सालचे सरकारी आकडे होते. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,४६,१३३ माणसे मरण पावली. त्यांपैकी चालकाने दारू किंवा अन्य मादक पदार्थ घेतल्यामुळे झालेले मृत्यू पावणेसात हजारांच्या आसपास दाखवले होते. हा आकडा खरा नसावा, कमी असावा, असे न्यायालयानेच म्हटले. मृताच्या घरच्यांना विम्याची भरपाई मिळण्यात अडचण येऊ नये म्हणून 'चालक दारू प्यालेला होता' ही नोंद पुष्कळदा केलीच जात नाही.

आता तुमच्या मनात प्रश्न येईल, ५०० मीटरच का? ४०० का नाहीत? हजार का नाहीत? खरे सांगायचे तर या आकड्यात कोणताही निसर्गनियम दडलेला नाही. वाहन चालवणाऱ्याला सहज दिसू नये, सहज थांबता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. म्हणूनच २० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांसाठी ३१ मार्चलाच हे अंतर २२० मीटर करण्यात आले, आणि पुढे जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा निकाल लागू नाही असेही स्पष्ट झाले. म्हणजे एकाच रस्त्यावर गावाला एक माप आणि शहराला दुसरे! केरळात तर मोठी गंमत झाली. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या उत्तर परवूर येथील एका बारच्या मालकाने जागा हलवलीच नाही. त्याने रस्ता आणि दार यांच्यामध्ये भिंती उभारून नागमोडी वाट काढली. सरळ रेषेत अंतर होते तेवढेच राहिले, पण चालण्याची वाट पाचशे मीटरहून लांब झाली! भूमितीच्या तासाला 'दोन बिंदूंमधील अंतर' शिकवताना गुरुजींनी हे उदाहरण जरूर द्यावे.

पाचशे मीटर हा आकडा माणसाने ठरवलेला आहे. दुसरा एक आकडा मात्र थेट आपल्या शरीराच्या व्यवहाराशी जोडलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आहे, त्याने वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे तीस मिलिग्रॅम म्हणजे किती, ते कसे चढतात आणि कसे उतरतात, ते आता पाहू.

पेल्यातले गणित

दारू म्हणजे पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण. मद्यार्काचे रासायनिक नाव इथेनॉल. किण्व नावाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन ते तयार करतात. बीड जिल्ह्याला हे नवीन नाही. साखर कारखान्यातून जी काळी, घट्ट मळी उरते, तीच आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढतात.

व्हिस्की, रम यांसारख्या आपल्याकडच्या विदेशी पद्धतीच्या मद्यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. हे प्रमाण आकारमानाचे आहे. एका लहान पेगमध्ये, म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये, १२.८ मिलिलिटर मद्यार्क आला. मद्यार्काची घनता ०.७९ आहे, म्हणून त्याचे वजन सुमारे १० ग्रॅम. हा दहाचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की बिअर म्हणजे जवळजवळ सरबतच. ६५० मिलिलिटरची 'स्ट्राँग' बिअरची बाटली घ्या. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असू शकते. ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर, वजन ४१ ग्रॅम. म्हणजे ही एक बाटली व्हिस्कीच्या चार लहान पेगांच्या बरोबरीची झाली! आणि ज्याला लोक 'क्वार्टर' म्हणतात त्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत सहा लहान पेग, म्हणजे ६० ग्रॅम मद्यार्क असतो.

पोटात गेलेला मद्यार्क पचावा लागत नाही. थोडा जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून तो जसाच्या तसा रक्तात शिरतो. तेथून शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे तो पसरतो. चरबीत तो फारसा शिरत नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३२ साली या गोष्टीवरून एक सोपे सूत्र बसवले. मद्यार्काच्या ग्रॅमना शरीराच्या वजनाने भागायचे, पण सगळ्या वजनाने नव्हे, त्याच्या काही भागाने. पुरुषाच्या बाबतीत वजनाला साधारण ०.६८ ने गुणायचे, स्त्रीच्या बाबतीत ०.५५ ने, कारण स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण थोडे कमी असते.

साठ किलो वजनाचा माणूस घेऊ. ६० गुणिले ०.६८ म्हणजे सुमारे ४१. एक लहान पेग, १० ग्रॅम. १० भागिले ४१ केले तर किलोला ०.२४ ग्रॅम येतात. म्हणजेच १०० मिलिलिटर रक्तात जवळजवळ २५ मिलिग्रॅम. दुसरा पेग घेतला की ५०. कायद्याची तीसची रेघ पहिल्या आणि दुसऱ्या पेगच्या मध्येच कुठेतरी मागे पडली! पन्नास किलोच्या स्त्रीचे गणित तुम्हीच करा. एकाच पेगमध्ये तीसची रेघ ओलांडली जाते असे दिसेल. क्वार्टर संपवणाऱ्या आपल्या साठ किलोच्या माणसाच्या रक्तात १५० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क जमेल, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या पाचपट. अर्थात हे सूत्र अंदाजाचे आहे. माणसागणिक आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून 'माझे गणित तीसच्या आत बसते' असे म्हणून कोणी गाडी सुरू करू नये.

एकच खिडकी, एकच कारकून

चढलेला मद्यार्क उतरतो कसा? थोडासा श्वासावाटे, घामावाटे आणि लघवीवाटे जातो. बाकीचा यकृतात जळतो. हे काम एक विकर करते. विकर म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. या विकराचे नाव अल्कोहोल डिहायड्रोजिनेज.

मोठ्या मजेची गोष्ट येथेच आहे. गरम चहाचा कप टेबलावर ठेवला तर तो आधी भराभर निवतो, मग सावकाश. शरीरातील बऱ्याच औषधांचेही तसेच असते. जास्त असली की भराभर कमी होतात. मद्यार्काचे मात्र तसे नाही. एस.टी. स्थानकावर आरक्षणाची एकच खिडकी आहे आणि आत एकच कारकून आहे असे समजा. रांगेत दहा माणसे असोत की शंभर, कारकून ताशी ठरावीकच तिकिटे फाडणार. आपल्या विकराचे असेच आहे. थोड्याशा मद्यार्कानेच त्याचे हात भरून जातात. मग रक्तातले प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या एकाच गतीने उतरत राहते.

आता आपल्या क्वार्टरवाल्या माणसाकडे परत या. समजा त्याने रात्री दहा वाजता पेला खाली ठेवला, तेव्हा रक्तात १५० होते. पहाटे चार वाजता त्याला ट्रॅक्टर घेऊन निघायचे आहे. सहा तासांत ६ गुणिले १५, म्हणजे ९० मिलिग्रॅम उतरले. उरले ६०! मर्यादेच्या दुप्पट. तो झोपून उठला आहे, तोंड धुतले आहे, चहा घेतला आहे, 'आता मी अगदी ठीक आहे' असे शपथेवर सांगतो आहे; आणि तरीही त्याचे रक्त पहिल्या दोन पेगांनंतर जसे असते तसेच आहे. तीसच्या खाली यायला सकाळचे सहा वाजतील, पूर्ण उतरायला आठ. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर गार पाण्याची बादली, यांतल्या कशानेही कारकुनाचा हात भरभर चालत नाही. झोप उडते, मद्यार्क उडत नाही.

अर्धा सेकंद

मद्यार्काचा परिणाम मेंदूवर होतो. दिसलेल्या वस्तूचा अर्थ लावणे, काय करायचे ते ठरवणे आणि पायाला हुकूम देणे, हे सारे मंदावते. दुर्दैव असे, की आपण मंदावलो आहोत हे ओळखणारा मेंदूचा भागही त्याच वेळी मंदावलेला असतो.

एक साधा प्रयोग करून पाहा. मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती धरायला सांगा. खालच्या शून्याच्या खुणेपाशी तुम्ही अंगठा आणि तर्जनी थोडे फाकून तयार राहा. त्याने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२० सेकंद, १५ वर पकडली तर सुमारे ०.१७ सेकंद. हाच प्रयोग रात्री जागरण झाल्यावर डोळे मिटू लागतात तेव्हा करा आणि आकडे वहीत मांडा. झोपेसारखी रोजची गोष्ट एवढा फरक पाडते.

गाडी चालवताना प्रतिक्रियेला याहून जास्त वेळ लागतो. काय दिसते आहे ते कळावे लागते, पाय एका पायपट्टीवरून दुसरीवर न्यावा लागतो. सावध माणसाला एक सेकंद धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ती १६.७ मीटर पुढे गेली. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर मंदन सेकंदाला सेकंदाला ७ मीटर धरता येते. मग थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर.

आता अंधारात, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना, बिनदिव्याची उसाची गाडी ४० मीटरवर दिसली असे समजा. सावध चालक तिच्या मागे तीन मीटर उरले असताना थांबेल. बैल दचकतील, गाडीवान चार शिव्या देईल, प्रकरण मिटेल. दुसऱ्या चालकाला प्रतिक्रियेला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला असे समजा. ब्रेक लागेपर्यंत तो २५ मीटर पुढे आला. उरले १५ मीटर, आणि थांबायला तर २० लागतात. मग गाडीवर आदळताना त्याचा वेग किती असेल? तुमच्या पुस्तकातले v² = u² − २as हे सूत्र घ्या. २७८ मधून १४ गुणिले १५ वजा केले की ६८ उरतात. त्याचे वर्गमूळ सव्वाआठ. सेकंदाला सव्वाआठ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर! अर्ध्या सेकंदाने काय केले पाहा. एकीकडे शून्य आहे आणि दुसरीकडे तीस. उसाच्या ढिगावर लेकराला कुशीत घेऊन झोपलेल्या बाईला या दोन आकड्यांत काय अंतर आहे, ते सांगायला नको.

प्रत्यक्ष रस्त्यावर याचा पडताळा पाहिला तो अमेरिकेत. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९६२–६३ मध्ये रॉबर्ट बॉर्कनस्टाइन यांनी अपघात झालेल्या हजारो चालकांचा श्वास तपासला, आणि त्याच ठिकाणी, त्याच वेळी जाणाऱ्या पण अपघात न झालेल्या हजारो चालकांचाही तपासला. ही दुसरी तुकडी महत्त्वाची आहे. तिच्यावाचून तुलना होतच नाही. निष्कर्ष असा निघाला की रक्तात १०० मिलिग्रॅम असताना अपघाताचा धोका सुमारे सहापट होतो आणि १५० ला तर सुमारे पंचवीसपट. वाढ सरळ रेषेत नाही, कड्यासारखी आहे. आपला क्वार्टरवाला रात्री दहा वाजता नेमका त्या कड्यावर उभा होता.

याच बॉर्कनस्टाइन यांनी १९५४ साली श्वासपरीक्षक यंत्र तयार केले होते. फुप्फुसात रक्त आणि हवा अगदी पातळ पडद्याने विभागलेली असतात. रक्तातला मद्यार्क त्या पडद्यातून हवेत येतो, आणि तो ठरावीक प्रमाणात येतो; २,१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क असतो तेवढाच १ मिलिलिटर रक्तात असतो असे धरतात. जुन्या यंत्रांत पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी द्रव असे. मद्यार्क लागला की तो हिरवट होई. पोलिसांच्या हातातल्या आजच्या यंत्रांत बहुधा प्लॅटिनमचे विद्युत्अग्र असते. त्यावर मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होऊन वीजप्रवाह उत्पन्न होतो आणि त्यावरून आकडा कळतो. वेलदोडा चघळला, कांदा खाल्ला, पानाचा तोबरा भरला तरी यंत्र फसत नाही. ते वास घेत नसते, फुप्फुसाच्या तळाची हवा मोजत असते.

दाराच्या आत

रस्त्यावरच्या तपासणीबद्दल पुष्कळ बोलले जाते. पण मद्यार्क चढतो तो दाराच्या आत, तेव्हा तिथेच काही करता येईल का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. बार असावेत की नसावेत हा वाद बाजूला ठेवून, जोवर ते आहेत तोवर तिथून माणूस धडधाकट घरी कसा जाईल, असा तो प्रश्न आहे.

काही उपाय अगदी साधे आहेत. उपाशीपोटी घेतलेली दारू चटकन लहान आतड्यात उतरते आणि रक्तातला आकडा एकदम वर जातो. पोटात जेवण असले तर जठराचे खालचे दार मिटलेले राहते, मद्यार्क थोडा थोडा खाली सुटतो आणि शिखर ठेंगणे राहते. म्हणजे जेवण देणाऱ्या आणि न देणाऱ्या जागेत फरक पडतो. पेग मापानेच ओतणे हा दुसरा उपाय. अंदाजाने ओतलेला पेग तीसचा पंचेचाळीस होतो आणि पिणाऱ्याचा हिशेब चुकतो. तिसरा वयाचा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ वर्षे आणि बाकीच्या मद्यांसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. परवानाधारकाने ओळखपत्र पाहायला हवे, ते किती ठिकाणी पाहिले जाते याची कल्पना वाचकांना असेलच.

बंद करण्याच्या वेळेचाही मोठा परिणाम होतो. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात २००८ साली मध्यवस्तीतल्या बारची पहाटे पाचची वेळ मागे आणून तीन–साडेतीन केली आणि रात्री एक–दीडनंतर नव्या माणसाला आत घेणे थांबवले. शेजारच्या भागाशी तुलना केली तेव्हा रात्रीच्या मारामाऱ्या ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. दीड-दोन तासांच्या फरकाने!

वेल्समधील कार्डिफ शहराची हकिकत याहून सुरस आहे. तेथे जोनाथन शेफर्ड नावाचे तोंडाचे आणि जबड्याचे शल्यविशारद होते. फुटक्या पेल्याने फाटलेले चेहरे शिवणे हे त्यांचे नेहमीचे काम. त्यांच्या असे ध्यानात आले की आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक मारहाणींची पोलिसांकडे नोंदच नसते. जखमी माणूस दवाखान्यात येतो, चौकीत जात नाही. तेव्हा रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवरच प्रत्येकाला तीन-चार प्रश्न विचारायचे ठरले: नेमके कोठे घडले, कधी घडले, कशाने मारले. रुग्णाचे नाव काढून ही माहिती दरमहा पोलिसांना आणि नगरपालिकेला दिली जाऊ लागली. कोणत्या बारपाशी, कोणत्या वारी, किती वाजता डोकी फुटतात याचा नकाशाच तयार झाला. पोलीस त्या वेळी त्या जागी उभे राहू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तशाच इतर शहरांच्या तुलनेत मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. कागदावर तीन-चार रकाने वाढवले, एवढेच.

याच शेफर्ड यांच्या एका दुसऱ्या प्रयोगाबद्दलही सांगायला हवे. पेले फुटून जखमा होतात, तर कणखर केलेल्या काचेचे पेले वापरावेत अशी कल्पना निघाली. काही बारमध्ये नवे पेले दिले, काहींत जुनेच ठेवले आणि तेथील नोकरांच्या जखमा मोजल्या. नव्या पेल्यांच्या बारमध्ये जखमा कमी होण्याऐवजी वाढल्या! ते पेले नीट कणखर झालेलेच नव्हते आणि जास्त फुटत होते. मोजले नसते तर सगळीकडे तेच पेले आले असते.

बंद दारामागची भट्टी

दुकाने सरसकट बंदच करावीत असेही पुष्कळांना वाटते, आणि त्यामागे, विशेषतः बायकांच्या मागणीमागे, खरे दुःख असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला सहा महिने कोयता चालवायचा आणि हाती आलेले पैसे गुत्त्यावर जायचे, हे बीडच्या अनेक घरांनी भोगले आहे. महाराष्ट्रात यासाठी मतदानाची सोय आहे. गावातील किंवा वॉर्डातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला ठरलेले मताधिक्य मिळाले तर दुकान बंद होते.

पण परवान्याचे दुकान बंद झाल्यावर पिणारा हातभट्टीकडे वळला, तर तिथे वेगळाच धोका उभा असतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल हा रंगांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत लागणारा मद्यार्काचा सख्खा भाऊ. रंग तोच, वास जवळजवळ तोच, नशाही थोडीफार तशीच.

मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. त्याला विषारी करते ते आपल्याच यकृतातले विकर, म्हणजे आपला तो खिडकीवरचा कारकून! तो मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करतो; त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि हे आम्ल पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रियाच बंद पाडते. डोळ्यांच्या मज्जातंतूंवर पहिला घाला पडतो. कारकून संथ असल्यामुळे हे सारे घडायला कित्येक तास लागतात. माणूस रात्री पितो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखू लागते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुके येते. 'जास्त झाली असेल' म्हणून घरचे त्याला निजवून ठेवतात. त्याच तासांत त्याला वाचवता आले असते.

कारण यावर उतारा आहे, आणि तो त्याच खिडकीवर आहे. विकराला मिथेनॉलपेक्षा साधा मद्यार्क कितीतरी अधिक प्रिय असतो. रांगेत दोघे उभे असले तर तो आधी मद्यार्काचे तिकीट फाडतो. म्हणून रुग्णालयात डॉक्टर रक्त तपासत, मापून शुद्ध मद्यार्क देतात, किंवा फोमेपिझोल नावाचे औषध देऊन खिडकीच बंद करतात. मिथेनॉल ताटकळत राहते आणि मूत्रपिंडावाटे किंवा डायलिसिसच्या यंत्राने हळूहळू बाहेर काढले जाते. हे काम रुग्णालयातच होते. घरी आणखी दारू पाजून मुळीच होत नाही, कारण त्या दारूतही तेच विष असू शकते. दारू प्यालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, तर त्याच घडीला गाडी काढून मोठे रुग्णालय गाठायला हवे, एवढे बारा-चौदा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असले तर एखादा जीव वाचू शकेल.

बीड जिल्ह्यात असे मोठे रुग्णालय म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. मांजरसुंब्याहून केजमार्गे रस्ता थेट तिथे जातो. कार्डिफची युक्ती इथे करून पाहायला काहीच हरकत नसावी. अपघात विभागाच्या नोंदवहीत चार रकाने वाढवायचे: घटना कोणत्या ठिकाणी घडली, किती वाजता घडली, चालक प्यालेला होता का, आणि असल्यास कोठे प्यालेला होता. नावे काढून टाकायची, म्हणजे विम्याच्या भीतीने कोणी लपवणार नाही. ऑक्टोबर ते मार्च हा एक हंगाम ही वही नीट भरली, आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने जिल्ह्याच्या नकाशावर टाचण्या टोचल्या, तर टाचण्यांचे पुंजके कोठे पडतील? महामार्गापासून २२० मीटरच्या आत, बाहेर, की परवाना नसलेल्या एखाद्या ढाब्याच्या मागे?